सिंहगडापेक्षा जरासाच उंच

शुक्रवार

बाबा दर रविवारी पहाटे सिंहगड चढतात. आतकरवाडीतून तासाभरात वर, ताक नाहीतर मडक्यातलं दही, आणि साडेनऊला घरी येऊन पोहे. त्यामुळे आमच्या घरात जगातले सगळे डोंगर सिंहगडाने मोजले जातात. परीक्षा संपली की आम्ही पाच जण बेन नेव्हिसला जाणार आहोत, अख्ख्या ब्रिटनमधला सर्वांत उंच डोंगर आहे, असं मी ग्लासगोहून फोनवर सांगितलं, तेव्हा त्यांनी आधी आकडा विचारला.

"१३४५ मीटर."

"म्हणजे सिंहगडापेक्षा तीस-चाळीस मीटर जास्त. आणि आपली कळसूबाई १६४६. काय गं, एवढ्यासाठी आगगाडीने जायचं?"

मनातून माझंही मत हेच होतं. राजगड, तोरणा, नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड असं सगळं गाठीला असल्यावर साहेबाच्या टेकडीचं काय कौतुक! वर जायला चांगली बांधलेली वाट आहे, वर्षाला लाखाच्या वर माणसं चढतात, हेही वाचलं होतं.

पाच जणांत मराठी दोघं. एक मी आणि एक कोल्हापूरचा. कोल्हापूरकर हे त्याचं आडनाव नव्हे, पण वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात तेच नाव पडलं, आणि मग बाकीच्यांनाही तोच नियम लागला. लागोसचा तो लागोसकर, भौतिकशास्त्र शिकणारी इटलीतली मुलगी बर्गामोकर, आणि आमच्यातली एकुलती एक स्कॉटिश इन्व्हरनेसकर. लागोसकराला हे इतकं आवडलं की त्याने फोनवरचं स्वतःचं नावही तेच करून टाकलं. इन्व्हरनेसकरने तीन दिवस आधी सामानाची यादी पाठवली होती. दोन जोड हातमोजे, कानटोपी, पाण्याची पँट, बॅटरी, आणि सगळ्यात शेवटी मोठ्या अक्षरांत: सुती कपडे नकोत. मे महिना संपत आला होता. मी यादी वाचली, 'बॅटरी' या शब्दावर मान डोलावली आणि बाकीची सोडून दिली.

ग्लासगोच्या क्वीन स्ट्रीट स्टेशनातून संध्याकाळी सुटणारी गाडी ही खरं तर दोन गाड्या एकत्र असतात. क्रीअनलारिखला तिचे दोन तुकडे होतात. एक ओबानला जातो, दुसरा फोर्ट विल्यमकडे. आपल्याकडे पूर्वी जंक्शनवर स्लिप डबे तोडायचे तसंच. कोल्हापूरकराला हे तीनदा सांगितलं होतं. तरी क्रीअनलारिख यायच्या वेळेला तो नेमका पुढच्या डब्यांत कुणाशी तरी गप्पा मारत उभा. आम्ही त्याला फोन करतोय, फोनला रेंज नाही. शेवटी हा फलाटावरून पळत आला, एका हातात चहाचा कप, दुसऱ्या हातात कुणीतरी दिलेलं बिस्किट. गाडी बराच वेळ थांबते म्हणून वाचला, नाहीतर त्याची सुट्टी ओबानच्या बंदरावर गेली असती.

या लोहमार्गावर मी पानभर लिहू शकते, पण आवरते. टाइनड्रमच्या पुढे गाडी बेन डोरन डोंगराच्या पायथ्याशी घोड्याच्या नालासारखं वळण घेते. समोर दरी आहे, सरळ पूल बांधला असता तर दोन मिनिटांत पार. पण कंपनीकडे तेवढे पैसे नव्हते. मग रूळ दरीच्या कडेकडेने आत नेले, दोन छोट्या पुलांवरून वळवले आणि परत बाहेर आणले. गरिबीतून निघालेलं इतकं देखणं वळण मी दुसरं पाहिलेलं नाही. त्यानंतर रॅनॉखचा माळ. माळ म्हणायचं पण तो आहे दलदलीचा, मैलोन्‌मैल तपकिरी, मधे काळ्या पाण्याची डबकी. १८९४ साली हा मार्ग सुरू झाला. त्याआधी इथे कितीही भराव टाकला तरी दलदल गिळून टाकायची. शेवटी झाडांच्या फांद्या, मुळं आणि राख यांची गादी अंथरून तिच्यावर रूळ टाकले. आपण अक्षरशः तरंगत्या जमिनीवरून जातो. साडेआठ वाजले होते, ऊन अजून तिरपं पडत होतं, आणि रुळांपासून हाकेच्या अंतरावर हरणांचा कळप आमच्याकडे ढुंकूनही न बघता चरत होता. कोराउर नावाचं स्टेशन आलं. ४०८ मीटरवर, ब्रिटनच्या मुख्य मार्गांवरचं सर्वांत उंच, आणि तिथे जायला सार्वजनिक रस्ताच नाही. दोन माणसं पाठीवर सॅक टाकून उतरली आणि माळात चालत दिसेनाशी झाली. लागोसकर काचेला नाक लावून बघत राहिला. "घरं कुठे आहेत?" त्याने विचारलं. लागोसच्या माणसाला पडणारा प्रश्न मुंबईच्या माणसालाही पडला असता.

त्या उंचीवरून गाडी जी उतरायला लागते ती थेट समुद्रापर्यंत. फोर्ट विल्यम लॉख लिनीच्या काठावर आहे, आणि लॉख लिनी म्हणजे तळं नाही, आत घुसलेली खाडी. स्टेशनातून बाहेर पडलं की खाऱ्या पाण्याचा वास येतो. हे मला तेव्हा फक्त छान वाटलं. त्यातून दुसऱ्या दिवसाचा हिशोब निघतो हे लक्षात आलं नाही.

दहा वाजून गेले तरी उजेड. ग्लेन नेव्हिस या दरीतल्या यूथ हॉस्टेलपर्यंत तासभर चाललो. डोंगर समोर होता म्हणे. आम्हाला फक्त त्याचा खालचा अर्धा भाग दिसला, वर ढगाचं झाकण. डोंगराच्या गेलिक, म्हणजे इथल्या जुन्या भाषेतल्या, नावाचे दोन अर्थ सांगतात, इन्व्हरनेसकर म्हणाली. एक 'विखारी डोंगर', दुसरा 'ढगात डोकं असलेला'. कुठला खरा ते उद्या ठरवू.

शनिवार

सकाळी इन्व्हरनेसकरने फोनवर डोंगरातल्या हवामानाचा अंदाज काढला. इथे शहराचा अंदाज वेगळा आणि डोंगराचा वेगळा. त्यात एक रकाना असतो: मन्रो ढगांबाहेर असण्याची शक्यता. मन्रो म्हणजे तीन हजार फुटांवरचा स्कॉटिश डोंगर. सर ह्यू मन्रो या गृहस्थाने १८९१ मध्ये अशा डोंगरांची यादी छापली. आज यादीत २८२ आहेत, आणि ते सगळे चढून संपवायचे हा इथला एक जन्मभराचा छंद आहे. मन्रोचे स्वतःचे मात्र सगळे झाले नाहीत, त्याआधीच ते गेले. तर त्या रकान्यात त्या दिवशी लिहिलं होतं, दहा टक्के.

"मग जायचं का?" बर्गामोकर.

"जायचं. पण दोन वाजता जिथे असू तिथून परत. शिखर दहा पावलांवर असलं तरी."

मी आणि कोल्हापूरकराने एकमेकांकडे पाहिलं. दोन वाजेपर्यंत आम्ही खाली येऊन जेवलेलो असू, असा त्या नजरेचा अर्थ होता.

आठ वाजता हॉस्टेलसमोरचा पूल ओलांडला आणि चढाला लागलो. सुरुवातीचा तुकडा खडा आहे. दगड एकाला एक बसवून केलेल्या पायऱ्या, थोड्या वेळाने पलीकडच्या आखिंटीहून येणारी जुनी वाट मिळते. ही वाट १८८३ मध्ये घोड्यांसाठी बांधली. शिखरावर हवामानाची वेधशाळा होणार होती, तिचं सामान न्यायला. त्याच्याही आधी, १८८१ च्या उन्हाळ्यात, क्लेमंट रॅग नावाचा माणूस रोज पहाटे निघून शिखरावर जायचा, हवेचा दाब, तापमान लिहून घ्यायचा आणि परत यायचा. रोज. बाबांना सांगायला हवं.

मी झपाझप पुढे निघाले. सह्याद्रीत सवयच तशी, ऊन चढायच्या आत उंची घ्यायची. अर्ध्या तासात जॅकेट काढलं, टी-शर्ट पाठीला चिकटला. सुतीच होता, कॉलेजच्या ट्रेकचा, मागे शिवरायांची राजमुद्रा. मागून इन्व्हरनेसकर एकाच संथ लयीत येत होती, ना दम लागलेला, ना घाम. "घाम येऊ देऊ नकोस," ती म्हणाली. डोंगर चढताना घाम येऊ द्यायचा नाही, हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. मला ते विनोदी वाटलं.

दहाच्या सुमारास मेलन्टीचं तळं आलं. सगळे त्याला अर्ध्या वाटेवरचं तळं म्हणतात. उंची ५७० मीटर, म्हणजे अर्धंसुद्धा नाही. मी दगडावर बसले आणि तेव्हा कुठे डोक्यात गणित सुरू झालं. सिंहगड समुद्रसपाटीपासून तेराशे मीटर, पण आतकरवाडी काही समुद्रकाठी नाही. प्रत्यक्ष चढ सहाशे मीटरच्या आसपास. कळसूबाईचं बारी गाव तर सातआठशे मीटरवर आहे. आणि आम्ही काल रात्री खाडीचा वास घेत चाललो होतो. दोन तासांत एक अख्खा सिंहगड संपला होता, आणि इथे ताकवाली मावशी नव्हती.

कोल्हापूरकराला हे सांगितलं. तो विचारात पडला आणि म्हणाला, "मग खाऊन घेऊ." त्याने तिखटमिठाच्या पुऱ्या केल्या होत्या, डब्यात कांदा-लसूण चटणी. इन्व्हरनेसकरने स्वतःच्या ओटच्या खाऱ्या बिस्किटावर ती चटणी लावली. आधी काही बोलली नाही. मग डबा स्वतःकडे ओढून घेतला. लागोसकर मात्र म्हणाला, ठीक आहे, पण याला तिखट म्हणू नका.

पुढे रेड बर्न लागतो. स्कॉटिश बोलीत बर्न म्हणजे ओढा. हे माहीत नसल्याने मी दोन दिवस समजत होते की तिथे कधीतरी वणवा लागला असणार. ओढा ओलांडला की झाडंझुडपं, गवत संपतं आणि उरतो फक्त दगड. नागमोडी वाट, एक लांब वळण, मग दुसरं, आणि प्रत्येक वळणावर वाटतं की हे शेवटचं. साधारण हजार मीटरवर आम्ही ढगात शिरलो. वारा एकदम वाढला. शिखरावर वर्षाला ४००० मिलीमीटरहून जास्त पाऊस-बर्फ पडतो. महाबळेश्वरवाले म्हणतील, यात काय. पण महाबळेश्वरचा पाऊस चार महिन्यांत पडून मोकळा होतो, आणि तो कोमट असतो. इथे वरचं वर्षभराचं सरासरी तापमानच शून्याच्या जरा खाली आहे.

एका वळणावर मागच्यांची वाट बघत मी पाच मिनिटं थांबले. तेवढीच चूक पुरली. भिजलेला टी-शर्ट पाठीवर बर्फाच्या लादीसारखा लागायला लागला. जॅकेट घातलं, फरक नाही. दात वाजायला लागले. हातमोजे नव्हते म्हणून मी जादा मोजे काढून हातात चढवले, आणि मग जॅकेटची चेन लावता येईना, कारण मोज्यात बोटं कुठली! कोल्हापूरकर आला तेव्हा मी त्याला काहीतरी विनोद सांगायचा प्रयत्न करत होते. नंतर तो म्हणाला की मला तू काय बोलतेयस ते कळतच नव्हतं, शब्द लडबडत होते.

इन्व्हरनेसकर आली, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि सॅकमधून नारिंगी कापडाचा बोळा काढला. उलगडला तर मोठी पिशवीच, खांब नसलेला तंबू म्हणा. सगळ्यांनी डोक्यावरून ओढायचा, त्याच्या कडांवर बसायचं, आतल्या श्वासांनी तो गरम होतो. मुलांना वाऱ्याच्या बाजूला पाठ करून बाहेर उभं केलं. आत बर्गामोकरने माझा टी-शर्ट ओरबाडून काढला, तिचा लोकरी बनियन घातला, त्यावर तिचंच जाड फ्लीस. मग मुलंही आत आली. पाच माणसं, दहा गुडघे, कांदा-लसणाचा वास. थर्मासमधला गोड चहा. दहा मिनिटांत माझे दात थांबले. राजमुद्रा पिळून सॅकच्या तळाशी गेली. यादीतल्या त्या मोठ्या अक्षरांबद्दल कुणी एक शब्द काढला नाही, आणि ते मला जास्त लागलं.

"परत जायचं असेल तर आत्ता सांग. तुझ्याबरोबर मी येईन," इन्व्हरनेसकर म्हणाली. मी स्वतःला नीट तपासलं. बोटं हलत होती, जीभ वळत होती. जाऊ या, म्हटलं. तिने मला दहाच्या पाढ्यासारखे काही प्रश्न विचारले, समाधान झाल्यावर उठली.

वरचं पठार जवळ आलं तसा पायाखाली बर्फ आला. आधी तुकड्या-तुकड्यांनी, मग सलग. लागोसकर पहिल्यांदाच खऱ्या डोंगरी बर्फावर चालत होता. दर पावलाला 'अच्छा, असं असतं होय' अशा चेहऱ्याने खाली बघायचा. वाट गायब. वर पांढरं, खाली पांढरं, क्षितिज नाही. मोठमोठे दगडी मनोरे रचलेले आहेत म्हणून कळतं. एका मनोऱ्याशी उभं राहायचं, ढग जरा हलला की पुढचा दिसतो. इथे वाट कड्याच्या फार जवळून जाते. डाव्या हाताला गार्डीलू नावाची घळ आहे. या नावाची गोष्ट मजेदार आहे. जुन्या एडिनबरात बायाबापड्या वरच्या मजल्याच्या खिडकीतून रात्रीची घाण रस्त्यावर ओतायच्या, आणि ओतायच्या आधी खालच्यांना सावध करायला 'गार्डीलू' ओरडायच्या. वेधशाळेचे लोक आपला कचरा या घळीत टाकायचे, म्हणून हे नाव. नाव विनोदी असलं तरी घळ नाही. बर्फ कड्याच्या बाहेर छज्जासारखा वाढतो. आपण जमिनीवर उभे आहोत असं वाटतं आणि खाली हवा असते. इन्व्हरनेसकर आम्हाला उजवीकडे ठेवून चालत होती.

सव्वा वाजता शिखर. दगडांच्या ढिगावर उंची मोजायचा खांब, शेजारी वेधशाळेच्या भिंती कंबरेएवढ्या उरलेल्या, आणि तिच्या जुन्या मनोऱ्यावर पत्र्याची अडीनडीची खोपटी. १८८३ ते १९०४ इथे माणसं बारा महिने राहिली. तासातासाला बाहेर पडून नोंदी घेतल्या. हिवाळ्यात दार बर्फाखाली जायचं, मग त्या मनोऱ्यातून बाहेर निघायचे. पैसे संपले तेव्हा बंद पडली.

बर्गामोकर एवढ्या गारठ्यात फक्त या भिंतींसाठी आली होती. १८९४ च्या सप्टेंबरात सी. टी. आर. विल्सन हा तरुण इथे दोन आठवडे राहिला. खाली ढग, पाठीमागे सूर्य, आणि ढगावर पडलेल्या सावलीभोवती रंगांची वर्तुळं. ती त्याने पाहिली. हे आपल्याला प्रयोगशाळेत करून बघता येईल का, म्हणून त्याने काचेच्या भांड्यात ढग तयार करायला सुरुवात केली. त्यातून मेघकक्ष निघाला, ज्यात अणूतल्या कणांचा माग डोळ्यांना दिसतो. १९२७ चं नोबेल त्याला मिळालं. ती हे सांगत असताना माझ्या डोक्यात एकच शब्द आला, इंद्रवज्र. कोकणकड्यावरून दिसणारं तेच ते वर्तुळ. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने हरिश्चंद्रगडावरून पाहिलं आणि त्याचं वर्णन १८३५ मध्ये लंडनला छापून आलं. मी तिला सांगितलं, आमच्याकडेही आहे. तू पाहिलंस? तिने विचारलं. तीन वेळा कोकणकड्यावर गेले, तीनदा धुकं. आता इथेही धुकं. दोघी त्या पांढऱ्या भिंतीकडे बघत राहिलो. एकमेकींच्या जॅकेटांपलीकडे कुठलाच रंग दिसला नाही.

वर आम्ही वीस मिनिटंसुद्धा थांबलो नाही. खरं काम पुढे होतं. चढताना सगळ्या वाटा शिखराला जातात, उतरताना नाही. इन्व्हरनेसकरने होकायंत्र काढलं. आकडे तिला पाठ होते: खांबापासून २३१ अंशांवर १५० मीटर, तिथून वळून २८२ अंश. पहिला टप्पा चुकला तर गार्डीलू, दुसरा डावीकडे ढळला तर फाइव्ह फिंगर नावाची घळ, जिथे वाट चुकलेली माणसं आजवर पडली आहेत. १५० मीटर मोजायचे कसे? पावलांनी. डावा पाय पडला की एक. तिचे शंभर मीटरला पासष्ट होतात. ती दिशा बघणार, मोजायचं काम कोल्हापूरकराकडे आलं.

सकाळी हाच माणूस मला म्हणाला होता की पायऱ्यांच्या वाटेला नकाशा कशाला. आता तो तिच्या मागोमाग, कानटोपी भुवयांपर्यंत ओढून, मोठ्याने मराठीत मोजत निघाला. इंग्रजीत मोजलं की चुकतो म्हणे. एकाहत्तर, बाहत्तर, त्र्याहत्तर. त्याच्या मागे लागोसकर, मग बर्गामोकर, शेवटी मी. मागून तीन अनोळखी इंग्रज येऊन आमच्या रांगेला लागले, एका चोवीस तासांत तीन शिखरं करायला निघालेल्यांपैकी. सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव! आणि तो थांबला. सगळे थांबले. तिने होकायंत्र फिरवलं, २८२. चार पावलांवर धुक्यातून दगडी मनोरा उगवला. त्या इंग्रजांपैकी एकाने मला हळूच विचारलं, ही कुठली भाषा? मी सांगितलं. "आकडे फार लांब आहेत," तो म्हणाला.

हजार मीटरच्या खाली आलो आणि ढगाचं झाकण डोक्यावर राहिलं. खाली अख्खं लॉख लिनी, एका बाजूला पाऊस, दुसऱ्या बाजूला ऊन, त्यात एक बोट इतकी लहान की ती हलतेय का ते बघायला थांबावं लागलं. गुडघ्यांबद्दल मी लिहिणार नाही. साडेपाचला पूल.

हॉस्टेलमध्ये ओले कपडे वाळवायची एक खोली असते, भट्टीसारखी गरम. तिथे तारेवर माझा राजमुद्रेचा टी-शर्ट इंग्रजांच्या महागड्या जॅकेटांच्या रांगेत लटकत होता. कोल्हापूरकराने पाच जणांची मुगाची खिचडी टाकली. कुणी काही बोललं नाही, फक्त पातेलं खरवडल्याचा आवाज.

रविवार

पायऱ्या उतरताना सगळे आडवे चालत होतो, खेकड्यासारखे. तरी दुपारपर्यंत वेळ होता म्हणून टॅक्सी करून ग्लेन नेव्हिसच्या टोकापर्यंत गेलो. तिथून पुढे रस्ता नाही. घळीतून पायवाट जाते, खाली नेव्हिस नदी मोठाल्या धोंड्यांमधून आदळत असते, दोन्ही अंगांना ओक, भूर्ज आणि पाइन. आपल्याकडच्या श्रावणातल्या ओढ्यासारखं सगळं हिरवं आणि निसरडं. वाट वळते आणि एकदम भिंती संपतात. समोर सपाट गवताळ कुरण, संथ वाहणारी नदी, आणि पलीकडे सुमारे १२० मीटरवरून उतरणारा पांढरा धबधबा. नावाचं स्पेलिंग वाचून मी 'स्टील' म्हणत होते, इन्व्हरनेसकरने दुरुस्त केलं, श्ट्यॉल. कुरणात दोन-तीन तंबू होते. इथे २००३ च्या कायद्याने कुणालाही डोंगरांत हिंडायचा, राहायचा हक्क आहे, अट एवढीच की नीट वागा, घाण करू नका. परवानगीची चिठ्ठी नाही, चौकीवर नोंद नाही. मला हे पचायला वेळ लागला.

धबधब्याच्या बाजूला जायचं तर नदीवर पूल आहे. म्हणजे तीन तारा. एक पायाला, दोन हातांना. बर्गामोकर दोरीवरच्या डोंबाऱ्यासारखी गेली. लागोसकर जाताना देवाचं नाव घेत होता, येताना गाणं म्हणत होता. माझा नंबर आला. राजगडाचा बालेकिल्ला चढताना न घाबरलेली मी मधोमध थांबले, कारण तार मध्यभागी डावी-उजवीकडे झुलते आणि खालचं पाणी विरुद्ध दिशेने पळत असतं. खाली बघू नकोस, असं सगळे ओरडत होते. पण पाय तारेवर ठेवायचा तर खाली बघावंच लागतं.

पलीकडे पोचले आणि वारा पडला. तेवढ्याचीच ती वाट बघत होती. मिज, म्हणजे इथली चिलटं. डोळ्यांना धड दिसत नाहीत इतकी बारीक, पण हजारोंनी. कानात, भुवयांत, केसांच्या भांगात. चावतात फक्त माद्या, बर्गामोकरने माहिती पुरवली, आणि कोल्हापूरकर म्हणाला की मग नर काय करतायत, बायकांना आवरता येत नाही? झुळूक असली की त्यांना उडता येत नाही, म्हणून आम्ही उभ्याने, गोल-गोल चालत जेवलो. लांबून बघणाऱ्याला कसलातरी विधी वाटला असेल. परतीला पूल मी पळतच ओलांडला. भीतीवर चिलटांचा उतारा चालतो.

फोर्ट विल्यमच्या मुख्य रस्त्यावर गाडीपर्यंतचा वेळ काढला. एका चौकात ब्राँझची जुनी फोर्ड मोटार आहे. १९११ मध्ये हेन्री अलेक्झांडर नावाच्या तरुणाने तसली गाडी खरोखर बेन नेव्हिसच्या शिखरावर नेली होती, त्याची आठवण. लागोसकर तिच्यात बसला आणि उठायला तयार होईना. रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक पुतळा. ग्लासगोजवळून सुरू होणारी १५४ किलोमीटरची पायवाट इथे संपते, म्हणून बाकावर बसलेला एक चालून दमलेला माणूस, बूट काढून तळपाय चोळणारा. मी त्याच्या शेजारी बसले, माझेही बूट काढले, आणि घरी फोन लावला. तिकडे रात्रीचे साडेनऊ झाले असतील.

"झालं का तुमचं बेन नेव्हिस?" बाबा. "आम्ही सकाळी पंचावन्न मिनिटांत चढलो आज."

मी मोजे, नारिंगी पिशवी वगैरे गाळून बाकीचं सांगितलं. बर्फ, होकायंत्र, अठ्ठ्याण्णव. त्यांनी मधे थांबवलं.

"पायथा किती उंचीवर?"

"समुद्रावरच, बाबा."

मागे टीव्हीचा आवाज कमी झाला. ते हिशोब करत होते.

"म्हणजे सिंहगड दोनदा. मधे न उतरता."

"हो."

"हं," ते म्हणाले. मग बऱ्याच वेळाने, "आणि वर ताक?"